कडू हात

मांजरासमोरून जायचं झालं की आबा उजवा हात पाठीमागे घ्यायचे. सत्तरी ओलांडलेला धिप्पाड माणूस, अंगात बंडी, डोक्याला मुंडासं, आणि एक हात असा पाठीशी धरलेला, जणू कुणाला खाऊ आणलाय आणि आधी दाखवायचा नाही. नव्या माणसाला वाटायचं, हात दुखावलाय. विचारलं तर म्हणायचे, "हाताला काय न्हाई झालं. हात कडू हाय."

तुमच्याही ओळखीत असा कुणी असेल. त्याच्या लकबीला आधी आपण हसतो, आणि कारण कळलं की त्याच्यासमोर हसायचं बंद करतो. आबांच्या कडू हाताचं कारण मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, कारण त्या कामातला दुसरा हात माझा होता.

माझी कारेगावात खानावळ आहे. रांजणगावच्या कारखान्यांतले कामगार माझ्याकडे जेवतात. कुणी डबा नेतो, कुणी बसून खातो. या धंद्यात सगळं लिहून ठेवावं लागतं: उद्याची भाजी, गॅसची टाकी कधी लावली, कुणाला बिनकांद्याचं, कुणाची रात्रपाळी. स्वयंपाकघराच्या दारावर मी नियमांचा एक पुठ्ठा लावलाय. त्यात 'चपला बाहेर' याच्या खाली 'मांजर आत नको' असंही लिहिलंय.

भिंतीपलीकडे खोक्यांचं एक गोडाऊन आहे. आबा तिथे वॉचमन होते. मूळचे ते दौंड तालुक्यातल्या वरवंडचे. घर मेंढरं राखणाऱ्यांचं. हयात कळपाबरोबर चालण्यात गेली. पुढे चरायला रानं उरली नाहीत, मुलाने मेंढरं विकली, विहीर घेतली, ऊस लावला. मुलाचं चांगलं चाललं होतं. आबांनाही ते मान्य होतं. पण बायको गेल्यावर ते घरात टिकले नाहीत. गावचा एक जण इकडे कामाला होता, त्याच्या ओळखीने गेटवर येऊन बसले.

"मुलगा चांगला, सून चांगली, मग इथे पत्र्याच्या खोलीत कशाला राहता आबा?" मी एकदा विचारलं होतं.

"उसाला काय करायचं सांगा मला, ताई. पाणी सोडलं की झालं. ऊस काय हाक मारल्यावर मान वर करून बघतुय व्हय?"

गोडाऊनमध्ये उंदरांसाठी एक मांजरी होती. आबांच्या आधीपासून तिथे होती, कुणाची नव्हती. मातकट रंगाची, एका कानाला चीर गेलेली. आबांनी तिचं नाव भुरी ठेवलं. माझ्याकडे जेवणाऱ्या मुलांनी तिला इंग्रजी नावं सुचवली, तेव्हा आबा म्हणाले, "भुऱ्या मेंढराला भुरीच म्हणत्यात. हे जरा बारकं हाय येवढंच."

भुरी माणसांना सरावलेली नव्हती. आबा तिच्या मागे लागले नाहीत. दुपारी गेटाशी पाय पसरून बसायचे आणि मांडी मोकळी ठेवायचे. डबा खाली, काठी खाली, मांडीवर काही नाही. बऱ्याच दिवसांनी एका दुपारी ती आपण होऊन चढली आणि झोपली. त्यानंतर ती मांडी तिचीच झाली. ट्रक येऊन गेटाबाहेर हॉर्न मारायचा आणि आबा आतून तळहात दाखवायचे. "थांब रं बाबा. उठल ती आत्ता." ड्रायव्हर शिव्या द्यायचे. आबा हसायचे. भुरी एक डोळा उघडून ट्रककडे बघायची आणि पुन्हा मिटायची.

मी हे भिंतीवरून बघायचे आणि मनात म्हणायचे, म्हाताऱ्याला काही काम नाही.

मग भुरी वाळायला लागली. सारखी नळाखालच्या बादलीशी बसून पाणी प्यायची. खायला दिलेलं हुंगून मागे सरायची. तोंडाला वास यायला लागला. आबांनी आधी आपल्या पद्धतीने बघितलं, डोळ्याची पापणी खाली ओढून, हिरड्या दाबून. मेंढरू असतं तर त्यांना कळलं असतं. "हिचं काय कळंना," ते मला म्हणाले. एवढा मोठा माणूस, पण आवाज बारीक झाला होता.

माझा भाजीचा टेम्पो शिरूरच्या बाजाराला जातो. त्यात टोमॅटोच्या एका कॅरेटवर दुसरं कॅरेट उपडं बांधून आम्ही भुरीला शिरूरला नेलं. जनावरांच्या डॉक्टरबाईंनी रक्त तपासलं. म्हणाल्या, "किडन्या थकल्यात हिच्या. पूर्ण बरी नाही होणार. पण औषध नियमित गेलं तर चांगले दिवस काढेल. औषध चुकलं तर मात्र फार नाही."

आबांनी एवढंच विचारलं, "रोज द्यायचं?"

"रोज. दोन वेळा. जगेल तोवर."

"देतो," आबा म्हणाले.

पहिल्या दिवशी आबांनी मेंढराला पाजतात तसं केलं. तिच्या अंगावरून पाय टाकून उभे राहिले, गुडघ्यांत धरलं आणि जबडा वर केला. मेंढराला गुडघे पुरतात. मांजर गुडघ्यांतून पाण्यासारखं जातं. भुरी धोतरातून वर चढली, खांद्यावरून उडी मारून खोक्यांच्या थप्पीवर गेली आणि पाण्यात कालवलेलं औषध आबांच्या दाढीला लागलं. एक बिहारी वेल्डर डबा न्यायला आला होता. तो भिंतीशी उभा राहून म्हणाला, "चाचा, दवा पिला रहे हो कि कुश्ती लड़ रहे हो?"

"कुस्ती न्हाई, दवाच हाय," आबा धोतर सावरत म्हणाले. "तू जा, तेरा चपाती थंडा होतंय."

दुसऱ्या दिवशी त्यांनी गोळी कुटून दुधात घातली. दूध आबाच तिला रोज द्यायचे, त्यांच्या स्वतःच्या चहातलं काढून ठेवलेलं. भुरी आली, वाटीत तोंड घातलं, थबकली. वर आबांकडे पाहिलं. मग वाटीपासून मागे मागे सरत गेली. त्यानंतर तिने दूध कायमचं सोडलं. नुसतं, स्वच्छ, माझ्या घरून आणलेलं दूधसुद्धा आबांच्या हातून घेईना.

आबा त्या वाटीशी कितीतरी वेळ बसून होते. मी लसूण सोलत होते. तेव्हा त्यांनी मला कडू हाताची गोष्ट सांगितली.

"चूक झाली माझी. कळपात असं करत न्हाईत. चारणारा येगळा आन् पाजणारा येगळा. आमच्यात चुलता पाजायचा. मी म्होरं चालायचो. मेंढरं माझ्या मागं यायची आन् चुलत्याला लांबून बघितलं की फुटायची. कडू हात येगळा असावा, गोड हात येगळा. एकाच हातानं दोन्ही केलं की जनावराला कळत न्हाई, जावं का पळावं."

"मग आता?"

"आता मी कडू. गोड तुम्ही व्हा."

मी सरळ नाही म्हणाले. मला मांजर आवडत नव्हतं. सकाळी पोळ्या, दुपारी भाजी, संध्याकाळी डबे. "मला वेळ नाही आबा."

"येळ न्हाई लागत, ताई. मांडी लागती."

दुसऱ्या दिवशी नाश्त्याची गर्दी आवरल्यावर मी अंगणात पाट टाकून बसले, वाटीत बिनमिठाचं उकडलेलं चिकन घेऊन. स्वयंपाकघरात नाही, अंगणात. नियम नियमच.

मग आमचं सुरू झालं. पहिल्या शिफ्टची बस गेली की आबा औषध द्यायचे आणि दुसऱ्या शिफ्टची आली की पुन्हा. पोत्यात गुंडाळून, डोकं तेवढं बाहेर ठेवून, बिनसुईची सिरिंज गालाच्या कडेने घालून थेंब थेंब. हे डॉक्टरबाईंनी शिकवलं. जबडा वर करू नका, श्वासनळीत जाईल, म्हणाल्या. आबांच्या मनगटांवर ओरखड्यांची जाळी झाली. कंपनीचे लोक विचारायचे, "आबा, मशीनमध्ये हात घातला का?"

भुरीला थोड्याच दिवसांत बसचा हॉर्न कळायला लागला. लांब वळणावर बस वाजली की ही थप्पीमागे गुडूप. कामगार म्हणायचे, आमच्यापेक्षा हिलाच शिफ्टची जास्त काळजी. मग आबा बस यायच्या आधीच तिला धरायला लागले. पुढे ती आबांच्या चपलांचा आवाज ओळखायला लागली, तेव्हा आबा अनवाणी चालायला लागले. शेवटी तिने हात ओळखला. आबा औषध न घेता नुसते समोरून जायला लागले, तरी ती त्या हाताकडे बघत कान मागे पाडायची. तेव्हापासून त्यांनी तो हात पाठीमागे घ्यायला सुरुवात केली. तिने उगाच घाबरू नये म्हणून.

भुरी सुधारली. अंगावर चमक आली. पाठीचा कणा झाकला. दुपारी ऊन भिंतीच्या माझ्या बाजूला आलं की ती माझ्याकडे यायची आणि मांडीवर चढायची. मला आधी अवघडल्यासारखं व्हायचं. नंतर त्या वेळेला मी कुणाचा फोन घेईनाशी झाले.

आणि आबा गेटाशी बसलेले असायचे. पाय पसरून. मांडी मोकळी.

तिथूनच विचारायचे, "जड लागती का आज?"

"कालच्यासारखीच."

"पाठीचं हाड लागतं का हाताला?"

"नाही लागत."

"मानंखाली बघा. तिथं तिला आवाळू यायचं, मी रोज चाचपायचो. हाय का?"

"नाही आबा, काही नाही."

"आन् आवाज करती का? घरघर?"

"करते."

"व्हय का," आबा म्हणायचे.

पुढच्या खेपेला शिरूरला गेलो तेव्हा मी डॉक्टरबाईंना हे सांगितलं. त्या हसल्या. "अहो आबा, असं काही नसतं. औषध दिलं की लगेच त्याच हाताने तिला आवडतं ते द्यायचं. मांजर विसरतं. बघा करून."

आबांनी मान हलवली, म्हणजे ऐकलं असं दाखवलं. परत येताना टेम्पोत म्हणाले, "हे काय मला पटत न्हाई. आत्ता कडू दिलं आन् आत्ता गोड. ती फसवणूक झाली. जनावराला एकदा फसवलं दुधात. आता न्हाई."

"आबा, डॉक्टर शिकलेल्या आहेत."

"त्यांचं त्या बरुबर असतील. पर ती मला वळखती ना, त्यांना कुठं वळखती?"

आजही मला वाटतं, डॉक्टरबाईंचं बरोबर होतं. आबांनी हट्ट सोडला असता, औषधामागून चिकनचा एक तुकडा त्या हातावर ठेवला असता, तर भुरी कदाचित परत आली असती. मेंढरांचा कायदा मांजराला लागू नसेल. पण ते मेंढरांमध्ये वाढले होते. दुसरा कायदा कुठून आणणार?

मग मीच एक उपाय काढला. मला असे उपाय लगेच सुचतात. "आबा, आपण बदलू. उद्यापासून औषध मी देते, तुम्ही खाऊ घाला. महिन्याभरात तुमच्याकडे येईल ती."

आबांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आनंद होईल.

"आन् मग तिनं जायचं कुठं?"

"म्हणजे?"

"माझा हात तिच्या डोस्क्यातनं जायचा न्हाई इतक्यात. आन् उद्या तुमचाबी कडू झाला, तर दोन्ही बाजूला कडू. जनावर मधी सापडलं. एक तरी जागा पाहिजे ना तिला, जिथं काय भ्याव न्हाई." मग म्हणाले, "असू द्या तुमच्याकडं. तुमची मांडी ऐसपैस हाय."

शेवटचं वाक्य म्हणून ते हसले. माझ्या जाडेपणावर बोललं की विषय संपतो हे त्यांना माहीत होतं.

त्यांची बायको कशी गेली ते मला त्यानंतर कधीतरी कळलं. असंच दुपारी, मी तांदूळ निवडताना. तिला पोटाचं दुखणं होतं. औषध फार कडू, ती कुणाकडून घ्यायची नाही, थुंकायची. आबांकडून मात्र घ्यायची, कारण आबा धरायचे. जेवण सून भरवायची.

"शेवटी शेवटी मी दारात उभा राह्यलो की ती तोंड भिंतीकडं करायची," आबा म्हणाले. "माझ्यावर राग नव्हता. वाटीवर होता. पर मी आन् वाटी एकच झालो व्हतो तवा. सून म्हणायची, आत्या त्यांच्या माहेरच्या गोष्टी सांगत्यात मला, हसत्यात. मी ओट्यावर बसून ऐकायचो. आत गेलो की गप."

"तुम्ही एखाद्या दिवशी नुसतं जाऊन बसायचं की, आबा. वाटी न घेता."

"गेलो की. तिला वाटलं, धोतरात लपवली आसंल."

त्यांना स्वतःलाच हसू आलं. मलाही आलं आणि मी तांदळात खडे शोधत राहिले. म्हणजे हे सगळं एकदा होऊन गेलेलं होतं. हातात औषध घेतलं की काय जातं, हे माहीत असलेल्या माणसाने डॉक्टरबाईंना 'देतो' म्हटलं होतं.

चांगले दिवस आले तसे संपले. भुरी पुन्हा खाईना. माझ्याही हातून खाईना. उठताना मागचे पाय लटपटायचे. आम्ही तिला शिरूरला नेलं. डॉक्टरबाईंनी तपासलं आणि तिला परत कॅरेटमध्ये ठेवून वरून हात फिरवला. "आता त्रास देऊ नका तिला. औषधाचा उपयोग नाही. बंद करा."

"बंद?" आबांनी विचारलं.

"बंद."

तुम्हाला विचित्र वाटेल, पण परतीच्या वाटेवर आबांचा चेहरा दुःखी नव्हता. ते कसला तरी हिशेब करत होते. उतरल्यावर त्यांनी सिरिंज धुतली, कागदात गुंडाळली आणि माझ्याकडे दिली. "हे आता तुमच्याकडं. माझ्याकडं नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बघते तर आबांनी आंघोळ करून गावाला जायचे कपडे घातलेले. औषधाचे डाग पडलेलं धोतर धुऊन दोरीवर. नळाशी बसून हात घासत होते. आधी राखेने, मग माझ्याकडून चिंच मागून घेतली, तिने. नखांच्या कडा, बोटांच्या बेचक्या. मग हात हुंगला. मलाही हुंगायला लावला. "येतोय का वास?"

"चिंचेचा येतोय."

"चिंचेचा चालल."

ते जाऊन गेटाशी आपल्या जागेवर बसले. पाय पसरले. हाक मारली नाही. भुरी माझ्या अंगणात उन्हात पडली होती. तिने मान उचलून त्यांच्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मी परात बाजूला ठेवली. स्वयंपाकवाल्या मावशी काहीतरी विचारत होत्या, त्यांना मी हाताने थांबवलं.

भुरी उठली. पाय लटपटत होते तरी उठली. दोन पावलं आबांच्या दिशेने आली, असं मला वाटलं. मग वळली आणि भिंत धरून, मध्ये थांबत, अंगणातल्या पोत्यांच्या मागे जाऊन बसली.

जी काही ताकद तिच्यात उरली होती, ती तिने आबांपासून लांब जाण्यात घालवली.

"कळलं," आबा म्हणाले. कुणाला म्हणाले, माहीत नाही. उठले, आणि तिला बाहेर येता यावं म्हणून गेटाच्या पलीकडे, रस्त्यावर जाऊन उभे राहिले.

भुरी गेली ती नाश्ता आणि जेवण यांच्या मधल्या वेळी. कुकर लावलेला होता. ती अंगणात माझ्या मांडीवर होती, पोट भराभर हलत होतं. आबा गेटाबाहेर. मी म्हटलं, "या ना आबा, आता तिला कुठं कळतंय." त्यांनी मान हलवली. "कळतंय. वास कळतो शेवटपत्तुर. या येळेला नको भ्याव."

थोड्या वेळाने विचारलं, "हाय का?"

"आहे."

रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला. तो गेल्यावर पुन्हा, "हाय?"

"आहे, आबा."

"घरघर करती का?"

करत नव्हती. मी म्हटलं, "करतेय."

"मग बरं हाय," ते म्हणाले.

तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं नाही. माझ्याकडे बघून त्यांना समजलं. मी म्हटलं, "आबा, या."

ते आले. वाकले आणि तिला दोन्ही हातांनी माझ्या मांडीवरून उचललं. खाली बसले, तिथेच, अंगणाच्या फरशीवर, आणि तिला आपल्या मांडीवर ठेवलं. मानेखाली बोट घालून चाचपलं. चीर गेलेला कान सरळ केला. पाठीच्या कण्यावरून हात नेला, शेपटीपर्यंत.

"आता न्हाई पळत," म्हणाले.

आत कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. मी गॅस बंद करायला उठले नाही. त्या दिवशी डाळ करपली. कुणी तक्रार केली नाही.

भिंतीकडेला बदामाचं झाड आहे, तिथे त्यांनी स्वतः खड्डा खणला. कुत्र्यांनी उकरू नये म्हणून माझ्याकडून खडेमीठ मागून घेतलं. माती ओढून झाल्यावर नळाशी गेले नाहीत. मातीचे हात तसेच घेऊन गेटावर जाऊन बसले.

त्यानंतर आबा फार दिवस राहिले नाहीत. मुलगा न्यायला आला तेव्हा आढेवेढे घेतले नाहीत. जाताना मला म्हणाले, "ताई, मांडी मोडली न्हाई ना तुमची?" मी म्हटलं, "नाही, ऐसपैस आहे." तेवढंच आमचं बोलणं झालं.

वरवंडहून फोन आला तो मुलाचा. आबा झोपेत गेले होते. दहावा झाल्यावर मी गेले. कारेगावहून शिरूर, तिथून न्हावऱ्यामार्गे चौफुला, पुढे वरवंड. उसाच्या रानाला लागून पक्कं घर. ओट्यावर आबांची बाज भिंतीला उभी करून ठेवलेली होती.

सून बोलकी होती. चहा देता देता सांगत होती, "घरात सगळ्यांना औषध पाजायचं काम आबांचंच, बघा. शेळीला जंताचं, पोरांना खोकल्याचं, डोळ्यात थेंब, पायातला काटा, सगळं आबा. पोरं भ्यायची त्यांना. मी म्हणायचे, आबा, एक दिवस तरी गुळाचा खडा द्या की त्यांना तुमच्या हातानं. तर म्हणायचे, ते तू दे." तिने पदराने डोळे पुसले. "पोरं कधी बसलीच न्हाईत त्यांच्याजवळ. आन् त्यांना त्याचं काय वाटायचंबी न्हाई."

त्यांना काय वाटायचं, ते मी अंगणाच्या फरशीवर बघितलं होतं.

आतल्या खोलीत धाकटी नात खोकत होती. चार-पाच वर्षांची असेल. खोकून खोकून डोळ्यांत पाणी आलेलं. खिडकीत औषधाची बाटली होती, झाकणही न उघडलेली. मुलगा म्हणाला, "परवाच आणलीय. डॉक्टरनं दोन टाइम सांगितलंय." तो बायकोकडे बघायला लागला. बायको म्हणाली, "माझ्याकडून घेत न्हाई ती, थुंकती. तुम्ही द्या." तो म्हणाला, "मला नीट धरता येत न्हाई." दोघंही बाटलीकडे बघत राहिले. मला वाटतं, आबा घरात असेपर्यंत हा प्रश्न कुणाला पडलाच नव्हता.

मी चहाचा कप खाली ठेवला. "चमचा कुठं आहे?"

मुलीला आईच्या मांडीवर बसवलं. तोंड आईच्या बाजूला, म्हणजे घाबरली तर तिच्याकडे वळता येईल. "तुम्ही नुसतं जवळ घ्या, धरू नका," मी सुनेला सांगितलं. "धरते मी." ती रडली, पाय झाडले, निम्मं माझ्या साडीवर सांडलं. निम्मं गेलं. मग तिने आईच्या खांद्यात तोंड खुपसलं, आणि आई तिची पाठ चोळत राहिली.

सुनेने गुळाचा डबा काढून माझ्यापुढे धरला. "तुम्हीच द्या ताई, म्हंजी राग जाईल तिचा."

"नको," मी म्हटलं. "तुम्ही द्या."

निघताना सगळे रस्त्यापर्यंत सोडायला आले. तीही आली, आईच्या पदराआडून, गाल गुळाने फुगलेला. एसटी आली. मी हात हलवला. तिने माझ्याकडे बघितलं, आणि तोंड दुसरीकडे फिरवलं.